सशाच्या पिलांचा आहार : पिष्ट आणि तंतू

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस, नंदिनी नगर ही खाणकामगारांची वसाहत आहे. तेथील खाणीतून निघणारी चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यास पुरविली जाते. या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीत चुनखडी घालतात खरी, पण तिचे लोखंड होत नाही. लोहखनिजात मिसळलेल्या वालुकामय द्रव्याशी ती संयोग पावते, त्याची मळी बनविते आणि त्या मळीबरोबर भट्टीबाहेर पडते. जे लोखंडात उतरते तेवढेच उपयोगाचे, असे मानून कोणी चुनखडी वगळली, तर भट्टी थोड्याच काळात तुंबून बंद पडेल.

सशाच्या पिलाच्या पोटातही असाच व्यवहार चालतो. त्याच्या आहारातील पिष्ट, म्हणजे धान्याचा पिठूळ भाग, त्याला शक्ती देतो आणि त्याचे वजन वाढवितो. गवतातील चिवट तंतूंचा बराचसा भाग मात्र पचत नाही. तो जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. यावरून धान्य हे सकस अन्न आणि गवत हे निकस अन्न, असा समज होणे स्वाभाविक आहे. घरात ससा पाळणारी मुले त्याला भात, पोळी आणि बिस्किटे मायेने भरवितात, ती याच समजुतीने. पण दूध नुकतेच तुटलेली पिले पुष्कळदा अशा मायेनेच दगावतात. असे का होते, आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

कोणता ससा?

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानांवर व शेतांच्या बांधांवर दिसणारा ससा उघड्यावर, गवताच्या आडोशाने राहतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. हा रानटी प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा होय. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा निराळा. त्याचे मूळ पश्चिम युरोपातील आयबेरियन द्वीपकल्पात आहे. तो बिळे करून राहणारा आहे आणि त्याची पिले जन्मतः उघडी, आंधळी व अवघ्या ५० ते ६० ग्रॅम वजनाची असतात. पुढील सर्व विवेचन या पाळीव सशासंबंधी आहे.

भारतात मांसासाठी व लोकरीसाठी ससे पाळण्याचा शास्त्रीय अभ्यास मुख्यतः केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने केला. ही संस्था १९६२ मध्ये राजस्थानातील मालपुरा येथे स्थापन झाली व तिचे स्थान आज अविकानगर या नावाने ओळखले जाते. सोव्हिएट चिंचिला, श्वेत जायंट, करडा जायंट आणि न्यूझीलंड व्हाइट या जाती आपल्याकडे रुळल्या. चांगली निगा राखल्यास या जातींची पिले बारा आठवड्यांत सुमारे २ किलोग्रॅम वजनाची होतात. भिलाईच्या कारखान्याप्रमाणे यांपैकी काही जातींचे मूळही सोव्हिएट देशातच आहे, हा एक योगायोग.

पचनमार्गाची रचना

गाय, म्हैस व शेळी हे प्राणी गवत पचविण्यासाठी जठराच्या आधी असलेल्या मोठ्या कोठ्यात ते आंबवितात. सशाला असा कोठा नाही. त्याचे जठर साधे, एकाच कप्प्याचे असते. अन्न जठरातून लघ्वांत्रात जाते. तेथे स्वादुपिंडातून येणारे पाचक रस पिष्टाची साखर करतात, प्रथिनांचे विघटन करतात, आणि ही द्रव्ये रक्तात शोषली जातात. तंतूंवर मात्र या रसांची काहीही मात्रा चालत नाही.

लघ्वांत्र व बृहदांत्र यांच्या संधीवर एका टोकाला बंद असलेली एक मोठी पिशवी असते. तिला उंडुक म्हणतात. माणसाचे उंडुक अगदी लहान असते. सशाचे मात्र इतके मोठे असते की, पचनमार्गातील एकूण ऐवजापैकी सुमारे ४० टक्के ऐवज त्यातच साठलेला असतो. येथे असंख्य सूक्ष्मजंतूंची वस्ती असते. लघ्वांत्रात न पचलेले तंतू हे जंतू आंबवितात आणि त्यापासून अॅसिटिक, ब्यूटिरिक व प्रोपिऑनिक ही अम्ले तयार होतात. ही अम्ले आतड्याच्या भिंतीतून शोषली जाऊन सशाला शक्ती देतात. शिवाय त्यांच्यामुळे उंडुकातील ऐवज सौम्य आंबट राहतो आणि अशा आंबट वातावरणात पुष्कळ रोगजंतूंना वाढता येत नाही. उंडुकातील ही जंतूंची वस्ती म्हणजे सशाची शेती आहे असे म्हटले तरी चालेल. तिला रोज योग्य खत मिळाले पाहिजे आणि तिच्यातून निचराही नीट झाला पाहिजे.

हा निचरा कसा होतो, हे समजणे महत्त्वाचे आहे. उंडुकाच्या पुढील आतड्यात एक प्रकारची चाळण चालू असते. तंतूंचे मोठे, भरड कण पुढे ढकलले जातात व त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या बनून बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव मात्र उलट्या लहरींनी परत उंडुकात ढकलले जातात. अशा रीतीने निरुपयोगी भाग लवकर बाहेर जातो आणि आंबविण्याजोगा भाग मागे राहतो. पण या आतड्याला हालचालीची प्रेरणा मिळते ती भरड कणांमुळेच. ते नसतील तर लहरी मंदावतात, ऐवज उंडुकात साचून राहतो आणि आंबण्याची क्रिया विपरीत वळण घेते.

दोन प्रकारच्या लेंड्या

सशाच्या पिंजऱ्याखाली पडलेल्या कोरड्या लेंड्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. पण तो आणखी एका प्रकारच्या लेंड्या टाकतो, ज्या सहसा दृष्टीस पडत नाहीत. त्या मऊ, काळपट व चकचकीत असून द्राक्षांच्या लहानशा घडाप्रमाणे एकमेकींना चिकटलेल्या असतात. उंडुकातील ऐवज दिवसातून ठराविक वेळी या रूपाने बाहेर येतो आणि ससा तो गुदद्वाराशी तोंड नेऊन तेथूनच गिळतो. या गोष्टीचे वर्णन मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्येच केले होते.

ही किळसवाणी खोड वाटली तरी त्यामागे मोठी काटकसर आहे. मऊ लेंड्यांत जंतूंचीच शरीरे भरपूर असतात. म्हणून त्यांतील प्रथिनांचे प्रमाण कोरड्या लेंड्यांच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि ब जीवनसत्त्वेही त्यांत असतात. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा अन्न दुसऱ्यांदा पोटातून नेऊन साधतो. म्हणून निरोगी सशाच्या पिंजऱ्यात मऊ लेंड्या पडलेल्या दिसत नाहीत. त्या वारंवार पडलेल्या दिसू लागल्या, तर आहारात धान्य फार व गवत कमी झाले असावे, अशी पहिली शंका घ्यावी.

दूध तुटण्याचा काळ

मादी आपल्या पिलांना दिवसातून बहुधा एकदाच, आणि तेही काही मिनिटेच, दूध पाजते. पहिले अडीच आठवडे पिले केवळ दुधावर जगतात. पुढे ती घन अन्न चघळू लागतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मऊ लेंड्या खाण्यास आरंभ करतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान त्यांना आईपासून वेगळे करण्याची रीत आहे.

हाच काळ सर्वांत धोक्याचा होय. दुधात जंतूंना आवरणारी काही द्रव्ये असतात. दुधाबरोबर तो आधार जातो. पिष्ट पचविणारा स्वादुपिंडाचा रस अजून पूर्ण प्रमाणात स्रवत नसतो. तो वयाबरोबर वाढत जातो. उंडुकातील जंतूंची वस्तीही अद्याप स्थिरावलेली नसते. चवथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत पिलांमध्ये हगवण व पोटफुगी यांनी होणारे मृत्यू अधिक आढळतात, याचे हे मूळ कारण आहे. लक्षणे साधारणतः येणेप्रमाणे दिसतात : पिलू खाणे सोडते, कोपऱ्यात अंग चोरून बसते, दात खाते, पोट ताठते, शेपटीजवळचे केस ओले व घाण होतात. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे पोटात गेलेल्या घातक ऐवजास मागे फिरण्याची वाट नसते. कित्येकदा एका दिवसातच सर्व संपते.

दोष पिष्टाचा की तंतूंच्या अभावाचा?

या रोगाच्या कारणांविषयी शास्त्रज्ञांचे मत कसे बदलत गेले, हे पाहणे बोधप्रद आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाचे चीक व पॅटन यांनी एक उपपत्ती मांडली. पिलाने धान्य फार खाल्ले तर सर्व पिष्ट लघ्वांत्रात पचत नाही. उरलेले पिष्ट उंडुकात उतरते. तेथे त्याची साखर होऊन विषारी जंतू माजतात. त्यांच्या विषाने आतड्याचा दाह होतो, असे तिचे स्वरूप होते. क्लॉस्ट्रिडियम जातीच्या एका जंतूचे विष अशा पिलांत खरोखरच आढळले होते. उपपत्ती सुटसुटीत होती व ती बहुमान्य झाली.

पुढे फ्रान्समध्ये तुलूझ येथील तिएरी जिदेन आणि त्यांचे सहकारी यांनी लघ्वांत्राच्या शेवटापर्यंत प्रत्यक्ष किती पिष्ट पोचते, याची मोजमापे केली. ते प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. मोठा ससा तर खाल्लेले जवळजवळ सर्व पिष्ट पचवितो. मग धान्य जास्त झाल्यावर पिले मरतात, हे कसे? येथे एक साधी गोष्ट नजरेआड झाली होती. आहारात पिष्ट वाढविले की तंतू आपोआप कमी होतात. शेराच्या मापात दोन शेर मावत नाहीत. म्हणून ज्या हानीचे खापर पिष्टावर फुटत होते, तिचा मोठा वाटा तंतूंच्या अभावाचा होता. पिष्ट व तंतू यांचे परिणाम वेगवेगळे पाडण्यासाठी बेतलेल्या प्रयोगांत चिवट तंतूंची उणीव हेच अधिक बलवत्तर कारण ठरले. याचा अर्थ पिष्ट निर्दोष ठरले असा नव्हे. अगदी कोवळ्या पिलांत त्याचे पचन अपुरे असते, ही गोष्ट उरतेच. १९९६-९७ च्या सुमारास फ्रान्सच्या पश्चिम भागात उद्भवून युरोपभर पसरलेल्या आतड्याच्या साथीचे कारण तर आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. तथापि त्या साथीतही पुरेसे तंतू मिळणारी पिले अधिक संख्येने वाचतात, असे दिसून आले.

तंतू एकाच जातीचे नसतात

‘तंतू’ हा शब्द आपण सरसकट वापरला. आता त्यात भेद केला पाहिजे. वनस्पतीच्या पेशीची भिंत अनेक द्रव्यांची बनलेली असते. पेक्टिन हे फळांच्या गरात व डाळींच्या टरफलांत असणारे मऊ द्रव्य उंडुकातील जंतू सहज आंबवितात. त्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पचतो. हेमिसेल्युलोज त्याहून कठीण, व सेल्युलोज त्याहूनही कठीण. सशाच्या पोटात सेल्युलोजचा पाचवा हिस्साही क्वचितच पचतो. काड्यांना ताठपणा देणारे लिग्निन, म्हणजे काष्ठद्रव्य, जवळजवळ मुळीच पचत नाही.

गंमत अशी की, ज्यांचे पोषणमूल्य शून्य, त्या लिग्निन व सेल्युलोज यांवरच आतड्याची हालचाल अवलंबून असते. ती चुनखडीची भूमिका पार पाडतात. मऊ तंतूंचे काम दुसरे आहे. ते उंडुकातील उपकारक जंतूंना पोसतात. माद्रिद येथील कार्लोस दे ब्लास व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत बीटाच्या चोथ्यासारखे विद्राव्य तंतू आहारात घातल्यावर पिलांचे मृत्यू कमी झालेले आढळले. म्हणून दोन्ही प्रकारचे तंतू हवेत.

पूर्वी खाद्याचे पृथक्करण करताना अम्ल व अल्कली यांत उकळून जे उरेल त्याला ‘कच्चे तंतू’ म्हणत. या पद्धतीत लिग्निनचा काही भाग विरघळून जाई आणि तंतूंच्या जाती ओळखता येत नसत. १९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर व्हॅन सोस्ट यांनी क्षालक द्रव्ये वापरून हे घटक वेगळे मोजण्याची पद्धत बसविली. त्यानुसार, दूध तुटलेल्या पिलांच्या आहारात सेल्युलोज व लिग्निन मिळून सुमारे १९ टक्के, त्यांपैकी लिग्निन किमान ५.५ टक्के, आणि पिष्ट १४ टक्क्यांच्या आत असावे, असे युरोपीय संशोधकांचे मत आहे. पिले मोठी झाल्यावर, शेवटच्या आठवड्यांत, पहिले प्रमाण १७ टक्क्यांपर्यंत उतरविण्यास व पिष्ट १८ टक्क्यांपर्यंत चढविण्यास हरकत नसते.

वाढीचा हिशेब

तंतूंनी जीव वाचतो, तर पिलांना केवळ काड्याच का खाऊ घालू नयेत? कारण वाढीसाठी शक्ती लागते. आहारात तंतू वाढले म्हणजे त्यातील शक्ती कमी होते. पिलू ती तूट अधिक खाऊन भरून काढते; पण पोटालाही मर्यादा आहे. सेल्युलोज व लिग्निन मिळून २५ टक्क्यांच्या पलीकडे गेले की पिलू कितीही खाल्ले तरी पुरेशी शक्ती मिळवू शकत नाही, आणि वाढ खुंटते. उलट, तंतू फार कमी झाले की आतडे मंदावते, पिलू खाणेच कमी करते, आणि धान्याचा ताट भरून असूनही वजन वाढत नाही. म्हणजे वाढीची उत्तम जागा दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि कोवळ्या वयात ती तंतूंच्या बाजूस थोडी झुकलेली आहे.

भात पिकविणाऱ्या प्रदेशातील आहार

छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. शेजारच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतही भातच मुख्य. अशा प्रदेशात सर्वांत स्वस्त व सहज मिळणारे खाद्य म्हणजे तांदळाची कणी. कणीच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग निव्वळ पिष्ट असतो. समजा, एक पिलू दिवसाला ८० ग्रॅम कोरडा आहार खाते. १४ टक्क्यांच्या हिशेबाने त्याला फार तर ११ ग्रॅम पिष्ट चालेल. एवढे पिष्ट केवळ १५ ग्रॅम कणीत, म्हणजे मुलाच्या एका मुठीहूनही कमी कणीत, असते. आता त्याच पिलाच्या आहाराचा अर्धा भाग, म्हणजे ४० ग्रॅम, कणीचा झाला तर पिष्ट ३० ग्रॅमवर जाते. लिग्निनही निम्मे होते, कारण कणीत ते नसल्यासारखेच आहे. एकाच मुठीने पिलाला दोन्ही बाजूंनी इजा होते, ती अशी.

भाताच्या तणसात तंतू भरपूर आहेत, पण त्यात सिलिका फार व प्रथिने अगदी थोडी. त्यावर एकट्यावर पिले पोसत नाहीत. भाताचा कोंडा चांगले खाद्य आहे, मात्र तो तुसापासून वेगळा असला पाहिजे. जुन्या हलर गिरणीतून निघणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेले असते. तुसाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के राखच असते व तीही बहुतेक सिलिकाची. पृथक्करणात अशा कोंड्याचे तंतू भरघोस दिसतात, पण ते आतड्याच्या कामाचे तंतू नव्हेत.

याउलट हरळी व इतर कोवळी-जून मिसळलेली गवते, वाळविलेला लसूणघास, हिवाळ्यातील बरसीम, भुईमुगाचा पाला, तसेच हरभऱ्याचे व तुरीचे कुटार ही उत्तम खाद्ये होत. डाळीच्या गिरणीतून मिळणाऱ्या टरफलांत मऊ तंतू असतात. ही द्रव्ये फेकून देण्याजोगी समजली जातात, पण सशाला ती कणीपेक्षा मोलाची आहेत.

पिले पाळणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाळलेले गवत पिंजऱ्यात दिवसरात्र असू द्यावे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि गवत चावण्याने ते झिजून बेताचे राहतात. ओला चारा सकाळच्या दवाने भिजलेला किंवा ढिगात तापलेला देऊ नये. धान्य द्यायचे असेल तर ते मोजून, थोडे द्यावे व फार बारीक दळू नये. पिठाचे कण उंडुकातच फिरत राहतात. आहारात कोणताही बदल एकदम न करता आठवडाभरात थोडाथोडा करावा, म्हणजे उंडुकातील जंतूंना जुळवून घेता येते. दूध तुटल्यावर पहिले काही आठवडे खुराक पोटभर न देता थोडा आखडता द्यावा; फ्रान्समध्ये या उपायाने मृत्यू घटले आणि मागे पडलेले वजन पिलांनी पुढे बरेचसे भरून काढले. स्वच्छ पाणी कधीही संपू देऊ नये. दुर्गसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेव्हा ससे दिवसा खात नाहीत, म्हणून चारा संध्याकाळी व पहाटे द्यावा. गाजर हे सशाचे मुख्य अन्न मानले जाते, पण त्यात साखर पुष्कळ असते. त्याची एखादी चकती पुरे, पाला मात्र अधिक चालेल. आजारी पिलास घरगुती औषध देत बसू नये. पशुवैद्याकडे त्वरित न्यावे.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग

शिजविलेल्या भाताचे शीत, बटाट्याची चकती, पोळीचा तुकडा आणि गवताची काडी एका बशीत ठेवावी. प्रत्येकावर टिंक्चर आयोडिनचा एकेक थेंब टाकावा. भात, बटाटा व पोळी यांवर गडद निळा-काळा रंग उमटेल. गवताच्या काडीवर बहुधा आयोडिनचा तांबूस रंगच राहील. निळा रंग ही पिष्टाची खूण होय. प्रयोग झाल्यावर ही बशी सशापुढे ठेवू नये. शाळेत ससे असल्यास दर आठवड्यास एकाच वेळी प्रत्येक पिलाचे वजन करून वहीत नोंदवावे आणि त्यासमोर त्या आठवड्यातील आहार लिहावा. वजनाची चढण एखाद्या आठवड्यात थबकली, की आहाराच्या रकान्यात त्याचे कारण पुष्कळदा सापडते.

उपसंहार

अन्नाचे मोल केवळ त्यातून अंगी लागणाऱ्या भागावरून ठरत नाही, हे सशाच्या पिलावरून शिकता येते. पिष्ट अंगी लागते. चिवट तंतू अंगी लागत नाहीत. तरीही पहिल्याचा उपयोग होण्यासाठी दुसऱ्याची सोबत लागते. नंदिनीची चुनखडी पोलादाच्या रुळात शोधून सापडणार नाही, पण तिच्यावाचून तो रूळ घडला नसता. वाढत्या पिलाच्या अंगावरील मांसात गवताच्या काडीचाही अंश सापडणार नाही. परंतु ती काडी रोज त्याच्या पोटातून जात राहिली, म्हणूनच ते पिलू वाढण्यापुरते जगले.